माटवी, रोषणाई आणि सारखा पडणारा ट्रिपर

हरतालिकेच्या संध्याकाळी वायरमनचा फोन थांबतच नाही. कुडाळजवळच्या एका वाडीतून बोलावणं आलं, ट्रिपर (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) सारखा पडतोय, घरात काळोख. सकाळी गणपती आणायचा होता.

गणपतीच्या खोलीत शिरलो, बॅटरी वर धरली आणि आधी नुसता बघतच राहिलो. एवढी भरलेली माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळापानांची चौकट, हल्ली फार कमी घरांत दिसते. आंब्याचे टाळे, नारळाची पेंड म्हणजे अख्खा घड, सुपारीचे शिपटे, कवंडाळाची लालभडक फळं, कांगण्या, हरणाची पिवळी फुलं, मधोमध एक मोठं तवसं, म्हणजे काकडी. सगळं त्याच दिवशी रानातून आणलेलं, पावसात भिजलेलं. पानांतून पाणी ठिबकत होतं. आणि त्याच ओल्या पाल्यातून मुंबईहून आलेल्या पुतण्याने एलईडीच्या माळा फिरवल्या होत्या.

काका घाईला आले होते. "झिला, डायरेक्ट करून टाक. पाच दिवसांचो तर प्रश्न आसा."

"नाही काका, ते मी करणार नाही," म्हटलं.

डायरेक्ट म्हणजे ट्रिपर वगळून लाईन सरळ जोडायची. सणाच्या दिवसांत ही मागणी दर दुसऱ्या घरात होते, आणि मला तिची खरोखर भीती वाटते. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत यायला हवा. घरात बसवतात त्या ट्रिपरला यात 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला की तो पडतो. म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने जमिनीत जातोय. ती वाट एखाद्याच्या अंगातूनही असू शकते.

सगळे प्लग काढले, ट्रिपर उचलला. राहिला. पंखा, फ्रिज, ट्यूब एकेक लावत गेलो, तरी राहिला. माटवीचा प्लग लावताच पडला. प्लग काढून शिडीवर चढलो आणि माळ बोटांनी चाचपत निघालो. भिंतीजवळ सापडलं. माळ घट्ट बसावी म्हणून पुतण्याने बारीक लोखंडी तारेने ती माटवीच्या लोखंडी अँगलला आवळली होती. तारेने वायरचं प्लास्टिक कापून आतलं तांबं उघडं पाडलं होतं. अँगल चिऱ्याच्या भिंतीत गाडलेला, आणि भिंत भाद्रपदातली, ओलीगच्च.

त्याला खाली बोलावून ती जागा दाखवली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, मगाशी कवंडाळं बांधताना हाताला झिणझिण्या आल्या होत्या. लगेच लाईट गेली."

हे ऐकून काकांनी पुन्हा डायरेक्टचं नाव काढलं नाही.

माटवीतल्या सगळ्या माळा उतरवल्या. पुतण्या हिरमुसला, पण आजी आतून म्हणाली, "आमच्या येळार समयेचोच उजेड. तोच बरो." मलाही तेच वाटतं. कवंडाळाचा लाल रंग समईच्या उजेडात जसा दिसतो तसा त्या लुकलुकत्या माळांत दिसत नाही. तरी पोराने हौसेने आणलेल्या माळा होत्या. धड होत्या त्या ओसरीच्या कोरड्या लाकडी चौकटीवर लावून दिल्या, जोड टेपने बंद केले. ट्रिपरचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं.

निघताना पुतण्याच मला शेजारच्या चुलत्यांकडे घेऊन गेला. तिथे ट्रिपर नव्हताच, फ्यूजमध्ये जाड तार भरलेली आणि माटवीत तशाच माळा. गाडीत एक ट्रिपर होता. तो बसवून, माळा काढूनच घरी गेलो.