सर्व्हरची हार्ड डिस्क नवीन डिस्कवर क्लोन केली, माझा अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या सर्व्हरची हार्ड डिस्क मरायला टेकली आणि ती नवीन डिस्कवर क्लोन करायचं, म्हणजे जशीच्या तशी उतरवायचं काम माझ्याकडे आलं. रेड (एकच डेटा दोन-तीन डिस्कवर ठेवायची सोय) वगैरे काही नव्हतं, एकच १ टीबीची डिस्क, त्यावरच लिनक्स, त्यावरच डेटाबेस, त्यावरच सगळ्यांच्या फाईली. जे जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण काम सुरू करायच्या आधी मला असंच कुणीतरी लिहिलेलं हवं होतं.

सुरुवात अशी झाली की रात्रीचा बॅकअप लागोपाठ दोन दिवस अर्धवट राहिला. कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघितला तर आय/ओ एरर, म्हणजे वाचता-लिहिताना चूक, एसडीए (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव), सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) अमुक, अशा ओळींची रांग. मग स्मार्टसीटीएल चालवलं, ते डिस्कच्या तब्येतीचे आकडे, म्हणजे स्मार्टचे आकडे, दाखवतं. वरती हेल्थ टेस्ट पास्ड असंच दाखवत होतं, पण खाली १९७ नंबरचा आकडा, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर, ८ होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ४० झालेला. त्या पास्डवर अजिबात जाऊ नका, खालचे ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे बघा. पेंडिंग म्हणजे तो सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीये पण त्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, कधी नंतरच्या प्रयत्नात वाचला जातो, नाहीतर तिथे नवीन काही लिहिलं जाईल तेव्हा डिस्क ठरवते की तोच वापरायचा की राखीवमधला दुसरा द्यायचा. एका दिवसात ८ चे ४० म्हणजे थांबायला वेळच नाही.

माझा पहिला विचार होता की आधी एफएससीके (फाईल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारून फाईल सिस्टीम नीट करू आणि मग कॉपी घेऊ. नशीब, त्याआधी सीनियरला फोन केला. तो म्हणाला, "अरे त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस, फक्त वाच. जी काय रिपेअर करायचीय ती कॉपीवर कर." हे वाक्य मी पुढचे दोन दिवस डोक्यात धरून होतो. खरंच आहे ते, एफएससीके खराब डिस्कवर चालवलं की ते अर्धवट वाचलेल्या माहितीवरून दुरुस्ती करतं आणि जे वाचलं असतं तेही जातं.

त्या संध्याकाळी सर्व्हर चालू असतानाच सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे डेटाबेसचा डंप आणि कॉन्फिगच्या फाईली, आरसिंक या कॉपी करायच्या कमांडने दुसऱ्या मशीनवर काढून घेतल्या. मग डेटाबेस नीट बंद केला, सर्व्हर बंद केला, नवीन २ टीबीची डिस्क लावली आणि लिनक्सच्या लाईव्ह पेन ड्राईव्हवरून बूट केलं. चालू सिस्टीमची कॉपी घ्यायची नाही, कारण वाचता वाचता खाली फाईली बदलत राहतात आणि क्लोन अर्धा जुना अर्धा नवा असा होतो.

कॉपीसाठी डीडी ही डिस्क कॉपी करायची नेहमीची कमांड नाही, खराब डिस्कसाठीची डीडीरेस्क्यू वापरली. साधं डीडी पहिल्याच खराब सेक्टरला थांबतं, आणि नोएरर सिंक (चूक आली तरी थांबू नको) हे ऑप्शन देऊन पुढे ढकललं तरी ब्लॉक साईज मोठी असेल तर एका खराब सेक्टरपायी आजूबाजूचा चांगला डेटाही शून्य होऊन जातो. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं उचलतं, अडलं की तिथून उडी मारून पुढे जातं आणि अवघड भाग शेवटी घेतं. मरत्या डिस्कसाठी हा क्रम फार मोलाचा आहे, कारण ती अजून किती तास चालेल हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय काय वाचलं काय राहिलं याची नोंद ते मॅपफाईलमध्ये ठेवतं, म्हणजे मध्येच बंद पडलं तर तिथूनच पुढे. ही मॅपफाईल मी वेगळ्या पेन ड्राईव्हवर ठेवली, लाईव्ह सिस्टीम रॅममध्ये चालते, तिथे ठेवली असती तर रीस्टार्टला गेली असती.

दोन्ही डिस्क बाहेर काढून त्यांच्या लेबलवरच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक कागदावर लिहून घेतले, एका बाजूला जुनी, एका बाजूला नवी, मध्ये बाण. आणि कमांडमध्ये एसडीए, एसडीबी अशी रीस्टार्टला बदलू शकणारी छोटी नावं न लिहिता डेव्ह डिस्क बाय आयडी या फोल्डरमधली लांबलचक नावं दिली ज्यात सीरियल नंबर असतो. टाईप करायला कंटाळा येतो, पण मी कागद समोर धरून अंक अंक ताडून बघितला आणि मगच एंटर मारलं.

पहिली फेरी एन ऑप्शन देऊन, म्हणजे खराब भागात खरवडत बसायचं नाही. सेकंदाला साधारण १०० एमबी मिळत होते, त्या हिशोबाने १ टीबीला पावणेतीन तास. ६१ टक्क्यांवर स्पीड एकदम शून्य झाला, जुन्या डिस्कमधून टक टक असा आवाज यायला लागला आणि दोन मिनिटांत डिस्क लिस्टमधूनच गायब. माझ्या काळजाचा ठोका चुकला. मशीन पूर्ण बंद केली, अर्धा तास डिस्क थंड होऊ दिली, पुन्हा चालू केली. डिस्क आली, पण आता जुनी एसडीबी झाली होती आणि नवी एसडीए! आधीची कमांड त्या छोट्या नावांनी असती आणि मी ती तशीच्या तशी पुन्हा चालवली असती तर अर्धवट भरलेली नवी डिस्क जुन्या डिस्कवर लिहिली गेली असती. हा एक मुद्दा मी ज्याला त्याला सांगत असतो. बाय आयडीची नावं होती म्हणून तीच कमांड परत दिली आणि ती मॅपफाईल बघून ६१ टक्क्यांपासून सुरू झाली.

पहिली फेरी संपली तेव्हा थोडाच भाग राहिला होता. मग डी ऑप्शनने थेट वाचन आणि आर ३ म्हणजे तीन वेळा प्रयत्न, याला मात्र रात्रभर लागलं कारण एकेका सेक्टरवर डिस्क कितीतरी सेकंद झुंजत बसते. सकाळी बघितलं तर फक्त २४ केबी राहिले होते, ४८ सेक्टर. एवढं सोडून दिलं.

पण ते २४ केबी कुठल्या फाईलचे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. मॅपफाईलमधली जागा बाईटमध्ये असते, ती ५१२ ने (एका सेक्टरचे बाईट) भागली तर पहिला सेक्टर आला ८१२६४७४३२. त्यातून पार्टिशनची सुरुवात १०५०६२४ वजा केली आणि ८ ने भागलं, कारण आमच्या फाईल सिस्टीमचा, ईएक्सटी४ चा, ब्लॉक ४०९६ बाईटचा म्हणजे ८ सेक्टरचा होता. आला १०१४४९६०१. क्लोनवर डीबगएफएस (फाईल सिस्टीमच्या आत डोकावायचं साधन) उघडून त्यातल्या आयचेकला हा नंबर दिला तर आयनोड, म्हणजे फाईलचा अंतर्गत नंबर, मिळाला, तो एनचेकला दिला तर फाईलचं नाव. असे सगळे ब्लॉक तपासले तर दोनच फाईली निघाल्या, एक जुना लॉग आणि एक स्कॅन केलेलं कागदपत्र, ते जुन्या बॅकअपमध्ये सापडलं. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली. दोन्ही एकत्र लावून बूट करायचं नाही, क्लोनमध्ये यूयूआयडी (पार्टिशनचे ओळख क्रमांक) सुद्धा तेच असतात, सिस्टीम कुठली उचलेल सांगता येत नाही. एफएससीके आता क्लोनवर चालवलं, किरकोळ दुरुस्त्या झाल्या.

तरी पहिल्यांदा बूट होईना, बूट डिव्हाईस सापडत नाही असा मेसेज. आमच्या मदरबोर्डने जुनी डिस्क काढल्यावर यूईएफआयमधली (मशीन सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली) बूट एंट्रीच पुसून टाकली होती. पेन ड्राईव्हवरून यूईएफआय मोडमध्येच बूट करून, क्लोनची रूट आणि ईएफआय दोन्ही पार्टिशन माउंट करून, सीएचरूट करून (म्हणजे क्लोनच्या सिस्टीममध्ये शिरून) ग्रब, लिनक्स सुरू करणारा बूटलोडर, पुन्हा इन्स्टॉल केला आणि लॉगिन स्क्रीन आली.

नवीन डिस्क मोठी, पण जीपीटीची (पार्टिशनच्या यादीची) दुसरी प्रत जुन्या डिस्कच्या मापानेच १ टीबीच्या जागी अडकलेली असते. एसजीडिस्कचा ई ऑप्शन देऊन ती शेवटी नेली, मग ग्रोपार्टने पार्टिशन वाढवलं आणि रिसाईझटूएफएसने फाईल सिस्टीम, ती चालू असतानाच वाढते.

जुनी डिस्क अजून अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवली आहे, वर तो बाण काढलेला कागद चिकटवलाय आणि मॅपफाईलची कॉपी सर्व्हरवर आहे. स्मार्टचे ते तीन आकडे आता दर सोमवारी मेलवर येतात, आणि रेडसाठी दुसरी डिस्क मागवली आहे.