३८ किलोडाल्टनचा बँड

बडोद्याला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक निवडले, कारण त्याची क्रिया ठाऊक होती: डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकराला ते जखडून ठेवते आणि त्यातून डीएनए तुटतो. ई. कोलाय या जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेच्या एक चतुर्थांश औषध द्यायचे, दोन तासांनी पेशी फोडायच्या आणि कोणती प्रथिने वाढली-घटली हे जेलवर पाहायचे, एवढेच काम होते. जेलमध्ये प्रथिने वजनानुसार वेगळी होऊन पट्टे, म्हणजे बँड, दिसतात; वजन किलोडाल्टनमध्ये मोजतात. मे महिन्याच्या उकाड्यात जेल ओतता ओतताच घट्ट होई, म्हणून दांडिया बाजारातून सकाळी सातलाच निघावे लागे.

पहिल्या जेलवर औषध दिलेल्या पेशींचे सगळेच बँड फिके आले आणि ‘प्रथिननिर्मिती सर्वत्र मंदावते’ असे मी वहीत ठामपणे लिहिले. मार्गदर्शक बाईंनी ते वाचून एवढेच विचारले, “दोन्हीकडे प्रथिन किती घातलंस?” मी द्रावण सारखे घातले होते, प्रथिन नव्हे; द्रवाचा गढूळपणा जुळवला की पेशी जुळल्या, असे मी धरून चाललो होतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली औषध दिलेल्या पेशी शेवयांसारख्या लांबलेल्या दिसल्या, म्हणजे गढूळपणा जुळला तरी पेशी जुळल्या नव्हत्या. डीएनए तुटल्यावर तयार होणारे सुलए हे प्रथिन पेशीविभाजन अडवते, पण वाढ थांबवत नाही.

ब्रॅडफर्ड या रंगावरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीने मोजून प्रत्येक खाचेत २० मायक्रोग्रॅम प्रथिन घातल्यावर बहुतेक बँड जुळले. ३८ किलोडाल्टनजवळचा एक मात्र औषधाच्या रांगेत ठळक होता. डीएनएच्या दुरुस्तीतले रेकए हे प्रथिन याच वजनाचे. ते डीएनएच्या एकेरी धाग्यावर रचले गेले की लेक्सए हा दमनकारक (जनुके बंद ठेवणारे प्रथिन) स्वतःलाच कापतो आणि त्याने दाबून ठेवलेली सुमारे ४० जनुके मोकळी होतात; त्यांत रेकएचेही जनुक असते.

मात्र बाह्यपटलातील ओएमपीएफ आणि ओएमपीसी ही छिद्रप्रथिनेही जवळपास त्याच उंचीवर येतात, हे मला फार उशिरा सुचले. मग अतिवेगी सेंट्रिफ्यूजमध्ये पटले खाली बसवली. ठळक बँड वरच्या द्रवात राहिला, म्हणजे तो छिद्रप्रथिनांचा नव्हता. शेवटी रेकए नसलेला वाण घेतला. तो इतका हळवा निघाला की ठरवलेल्या मात्रेत वाढेचना, त्यामुळे किमान मात्रा शोधण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. नव्या मात्रेत तो वाढला, तेव्हा वरच्या द्रवात ३८ जवळ तो ठळक बँड नव्हता.