सोळाव्या वर्षीचे मत

आज स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून भाची इंग्लंडमधल्या लीड्सला आमच्याकडे आली आणि जेवताना माझ्या लेकीशी तिचा चांगलाच वाद रंगला. दोघीही सोळा वर्षांच्या. पण भाचीला स्कॉटिश संसदेसाठी मत देता येते, लेकीला अजून कशासाठीच नाही. तिकडे चौदाव्या वर्षीच नाव नोंदवता येत असल्याने भाचीने नोंदणीच्या पत्राचा फोटोही ऐटीत दाखवला.

स्कॉटलंडने 2014 च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळाव्या वर्षी मताची ही वाट उघडली, 2020 मध्ये वेल्सने कायदा केला. ब्रेक्झिट सार्वमतासाठी ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, लॉर्ड्सने, सुचवलेली अशीच दुरुस्ती मात्र 2015 मध्ये कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, फेटाळली होती. जुलै 2025 मध्ये ब्रिटिश सरकारने देशभर मतदानाचे वय सोळा करण्याची घोषणा केली, तेव्हा ज्याला लॉटरीचे तिकीट घेता येत नाही, उमेदवार होता येत नाही, त्याला मत कशाला, असे विरोधकांनी विचारले. हा प्रश्न बिनतोड नसला तरी टाकाऊही नाही. मुले आईबाप सांगतील तिथेच फुली मारतील, ही भीती मात्र आमच्या घरात तरी हास्यास्पद आहे.

राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून मी भारतीय पासपोर्टवर इथला खासदार निवडू शकते आणि इथेच जन्मूनही तिला तो निवडता येत नाही, हे लेकीने मला आज दोनदा ऐकवले.