खासदाराचा प्रश्न आणि परराष्ट्र मंत्रालय

परराष्ट्र व्यवहारावर आपल्या संसदेचा औपचारिक अंकुश बेताचाच आहे. संघसूचीतील नोंद १० आणि १४ प्रमाणे परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी करारमदार हे केंद्राचे विषय आहेत, आणि अनुच्छेद ७३ मुळे केंद्र सरकार आपल्या कार्यकारी अधिकारात करार करू शकते; तो संसदेपुढे मंजुरीसाठी मांडलाच पाहिजे असे बंधन नाही. अमेरिकेत तहाला सिनेटमधील उपस्थित सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताची संमती लागते आणि ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानुसार करार २१ कामकाजाचे दिवस संसदेपुढे ठेवावा लागतो. आपल्याकडे संसदेची गाठ पडते ती कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करावा लागला, तर. भूभाग सोडायचा असेल तर मात्र घटनादुरुस्तीला पर्याय नाही, हे पश्चिम बंगालमधील बेरुबारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच स्पष्ट केले. त्यामुळेच बांगलादेशाशी १९७४ साली झालेला सीमाकरार २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर पूर्णत्वाला गेला.

हे सगळे खरे असले, तरी परराष्ट्र मंत्रालयात संसदविषयक कामात नोकरीची बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, अधिकाऱ्यांना कामाला लावण्याची ताकद खासदाराच्या हातात असलेल्या साध्या कागदात, म्हणजे प्रश्नाच्या सूचनेत आहे. निवृत्तीनंतर अमळनेरला परतल्यावर ओळखीपाळखीचे लोक विचारतात की, दिल्लीत तुम्ही नेमके करत काय होतात. त्यांच्या मनात राजदूत, मेजवान्या आणि विमानप्रवास असतो. मी करत होतो ते खासदारांच्या प्रश्नांची उत्तरे जुळवण्याचे काम.

प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात. पैकी तारांकित प्रश्नांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि बाकीच्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. प्रश्न दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा, मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख नसावा, असे नियमच आहेत. प्रश्न मंत्रालयात पोहोचला की तो कोणत्या विभागाचा, यावरून पहिली चर्चा होते. मग त्या विभागातून संबंधित दूतावासाला तातडीचा संदेश जातो, उत्तर आले की अवर सचिव मसुदा करतात, तो उपसचिव, सहसचिव असा वर चढतो आणि शेवटी मंत्र्यांच्या सहीने पक्का होतो. इंग्रजीबरोबर हिंदी प्रतही वेळेत तयार व्हावी लागते. तारांकित प्रश्नाचे छापील उत्तर अर्ध्या पानाचे असले तरी त्यामागे पूरक प्रश्नांसाठीची जाडजूड टिप्पणी असते, कारण सभागृहात सदस्य पुढे काय विचारतील याचा नेम नसतो. अधिवेशनाच्या काळात रात्री उशिरापर्यंत चाललेले काम बहुतेक या टिप्पणीचेच. यादीतल्या वीस तारांकित प्रश्नांपैकी प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच प्रत्यक्ष पुकारले जातात, तरी टिप्पणी सगळ्यांची करावी लागते. हे कष्ट वाया जातात असे नवख्यांना वाटते. मला तसे वाटत नाही, कारण ती टिप्पणी करतानाच एखादी फाइल किती महिने एका जागी पडून आहे हे वरिष्ठांच्या पहिल्यांदा लक्षात येते.

उत्तर लिहिण्याची म्हणून एक परंपरा आहे, आणि ती फारशी अभिमानाची नाही. जेवढे विचारले तेवढेच सांगायचे, खोटे मुळीच लिहायचे नाही, आणि प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर नकारार्थी देता आले तर पुढच्या भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून मोकळे व्हायचे. म्हणून ढोबळ प्रश्नाला ढोबळ उत्तर मिळते. परदेशातील तुरुंगात महाराष्ट्राचे किती लोक आहेत, असे विचारले तर राज्यवार माहिती ठेवली जात नाही आणि अनेक देश त्यांच्या खासगीपणाच्या कायद्यांमुळे कैद्याच्या संमतीविना माहिती देत नाहीत, असे उत्तर जाते. ते खरेही असते. त्याऐवजी अमुक तारखेला तुरुंगात टाकलेल्या भारतीय कामगाराची भेट घेण्याची परवानगी दूतावासाने कधी मागितली, ती कधी मिळाली आणि त्यानंतर काय झाले, असे तीन तारखांचे उत्तर मागितले, तर ते टाळायला जागा राहत नाही. दूतावासाने तोवर काही केले नसेल, तर प्रश्न आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो करतो. मंत्री उत्तरात ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल’ असे म्हणाले, की ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची नजर असते. मुदतवाढ मागण्याची पत्रे लिहिणे हे आमच्या कक्षातले सर्वांत नावडते काम होते.

खान्देशातून चार खासदार लोकसभेत जातात: जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार. आमच्या भागातला माणूस अडचण घेऊन आधी आमदाराकडे जातो, आणि आमदार विधानसभेत परराष्ट्र व्यवहारावर प्रश्न विचारू शकत नाहीत, त्यामुळे पत्र फिरत फिरत खासदाराकडे येते. गावी आल्यापासून माझ्याही दारात अशी माणसे येतात. ‘नाना, पोऱ्या सौदीम्हा अडकी गया, काहीतरी करा,’ असे म्हणत आलेल्या एका बापाजवळ मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्ससुद्धा नव्हती. होता तो फक्त एजंटाचा मोबाइल नंबर. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो, पण हे गावात कोण पाहतो?

शेतमालाच्या बाबतीत अडचण निराळी आहे. जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची केळी २०२१ मध्ये दुबईला गेली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, आणि पुढे नवी बाजारपेठ मिळावी म्हणून पत्रेही गेली. पण केळी दुसऱ्या देशात घेतली जावी यासाठीच्या रोग-किडींच्या अटींची बोलणी कृषी मंत्रालय करते, निर्यात वाणिज्य मंत्रालय पाहते आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे दूतावासामार्फत पाठपुरावा करण्यापुरते काम राहते. सरकारी कामाची ही वाटणी १९६१ च्या कार्यविभाजन नियमांत लिहिलेली आहे. चुकीच्या मंत्रालयाला पाठवलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपते. कापसाचे उदाहरण ताजे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले, त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणाऱ्या शेतकऱ्याला ही परराष्ट्र धोरणाची बाब वाटते आणि ती तशी आहेही, पण अधिसूचना अर्थ मंत्रालयाची असल्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाला विचारलेल्या प्रश्नातून शेतकऱ्याच्या हाती काहीही लागले नसते.

काही प्रकरणांत प्रश्न न विचारणेच शहाणपणाचे असते. धुळे तालुक्यातील बोरविहीरचा जवान २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला. लक्ष्यभेदी हल्ले (सर्जिकल स्ट्राइक) झाले तोच हा दिवस. धुळ्याचे खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते आणि पाठपुराव्याची जबाबदारी त्यांच्यावर आपसूक आली. दोन्ही लष्करांच्या लष्करी कारवाई महासंचालकांमध्ये संपर्काची सोय असते, आणि अशी माणसे परत येतात ती बहुधा त्या वाटेने. हा जवान २१ जानेवारी २०१७ ला वाघा सीमेवरून परतला. त्या चार महिन्यांत गावात संताप होता आणि तो साहजिकच होता, पण सभागृहात रोज गर्जना झाली असती तर समोरच्याने सुटकेसाठी मागायची किंमत वाढली असती, असे मला वाटते.

परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे काम मला सभागृहापेक्षा दर्जेदार वाटत आले आहे. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. दार बंद असते, कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाचे भाषण बाहेर राहते आणि परराष्ट्र सचिवांना खरोखर घाम फोडणारे प्रश्न विरोधकांइतकेच सत्ताधारी बाकांवरूनही येतात. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण काय केले ते तीन महिन्यांत कळवावे लागते. खासदारांना परदेशी शिष्टमंडळात पाठवण्याचीही जुनी चाल आहे. १९९४ मध्ये नरसिंह राव यांनी विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना जिनिव्हाला पाठवले होते; मे २०२५ मध्ये गेलेल्या सात सर्वपक्षीय शिष्टमंडळांपैकी दोनांचे नेतृत्व सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे या महाराष्ट्रातील खासदारांकडे होते. (अशा दौऱ्यांवर टीका करणारे पुष्कळ भेटतात. दौऱ्यावरून आलेल्या सदस्याचे पुढचे प्रश्न अधिक नेमके होतात, हे मात्र त्यांना दिसत नाही.)

सध्या कोणी परदेशातल्या माणसासाठी खासदाराला पत्र लिहायला माझ्याकडे आले, तर मी आधी पासपोर्ट क्रमांक, नोकरी देणाऱ्याचे नाव, शहर, शेवटचे बोलणे झाल्याची तारीख आणि एजंटाला पैसे दिल्याचा पुरावा एवढे मागतो. त्यानंतर मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक पत्रात पहिल्याच ओळीत लिहायला सांगतो, म्हणजे खासदाराच्या कार्यालयातून पत्र पुढे गेले की मंत्रालयातल्या माणसाला फाइल शोधत बसावे लागत नाही.