पहिल्या फाइटची जोडी जमवताना

एमएमएच्या (मारामारी आणि कुस्ती दोन्ही चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या) शोसाठी लायटी, म्युझिक, पोस्टर जमवणं सोपं. कठीण काम जोड्या लावायचं, आणि गोव्यातली पोरं घडतात किंवा बिघडतात ती तिथेच.

आपल्याकडचा पोरगा बहुधा कराटे, तायक्वांदो नाहीतर बॉक्सिंगमधून येतो, कोल्हापूर-बेळगावचा आखाड्यातून. दोघांची पहिलीच फाइट, वजन सारखं, म्हणून कागदावर जोडी बरोबरीची. प्रत्यक्षात म्हापशाचा पोरगा उंच किक मारतो, पैलवान तोच पाय धरून त्याला पाडतो आणि राउंड संपेपर्यंत वरून उतरत नाही. उलटही होतं. चीत होऊ नये म्हणून पालथं पडायची पैलवानाची सवय हाडात मुरलेली. इथे पालथं पडलं की पाठ उघडी, गळ्याखाली हात, आणि टॅप, म्हणजे हात थोपटून हार.

म्हणून स्ट्रायकरला, म्हणजे ठोसे-किकवाल्याला, केजमध्ये (जाळीच्या रिंगणात) सोडण्याआधी जाळीला लागून उठणं घोटून घ्यावं. पाठ टेकली की लगेच कुशीवर वळायचं, कोपरावर उठून बसायचं, कंबर घसटत जाळीपर्यंत न्यायची. एक तळवा जमिनीवर, दुसरा हात समोरच्याच्या काखेखालून घालून अंडरहुक, कपाळ त्याच्या जबड्याखाली रेटलेलं. मग पाय आत ओढून उभं राहायचं. घाबरून जाळी पकडली तर फाउल. रेफ्री पॉइंट कापू शकतो.

सुरुवात अमेच्युअरनेच (हौशी गटानेच) करावी: 3 मिनिटांचे 3 राउंड, नडगीवर शिनगार्ड, कोपर बंद, डोक्यावर गुडघा बंद. प्रोमध्ये राउंड 5 मिनिटांचा. तिथे घाई नको.

वजनाचं वेड वेगळंच. 66 किलोच्या पोराला 61.2 किलोच्या गटात कोंबू नका, 65.8 मध्ये खेळवा. आपल्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. प्लास्टिकचा सूट घालून धावणारा चक्कर येऊन पडतो. शेवटच्या आठवड्यात खारं आणि सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. (हे ऐकवणं सगळ्यात अवघड.)

जोडी आयत्या वेळी मोडते ती वजनावर किंवा रक्ताच्या रिपोर्टवर. एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट दोन आठवडे आधी हातात हवेत, आणि 61.2, 65.8 मध्ये एकेक राखीव खेळाडू तयार. अँब्युलन्स गेटवरच उभी. ती कुणाला घेऊन बांबोळीच्या हॉस्पिटलात गेली, तर दुसरी येईपर्यंत पुढची फाइट सुरू करायची नाही. पब्लिक कितीही ओरडू दे.