तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर ऐकणाऱ्याचा रेडिओ

रेडिओच्या कार्यशाळेत शिकवायला गेले की शेवटी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, अख्खं केंद्र तुमच्या हातात दिलं तर कोणती गाणी लावाल?"

कोणती, ते सांगते. पण कुणासाठी, ते आधी ठरवावं लागतं.

चार वर्षं मी एका खासगी एफएमवर गाण्यांचं वेळापत्रक लावत होते. ऐकणारा गाडीत बसतो, २० मिनिटं ऐकतो आणि उतरतो, असं तिथं धरून चालायचे. तेवढ्यात हिट गाणं त्याच्या कानावर पडायलाच हवं, म्हणून तीच ४०-५० गाणी दिवसभर फिरायची. त्या श्रोत्यापुरता हिशेब बरोबरच होता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र कराडचे मामा असायचे.

मामांचं शिलाईचं दुकान होतं. फळीवर रेडिओ, त्याच्या जाळीत खडूची भुकटी बसलेली. शटर वर गेलं की तो सुरू व्हायचा, तो रात्री कुलूप लागेपर्यंत. मशीनच्या खडखडाटात गाणं निम्मंशिम्मंच ऐकू यायचं, पण आकाशवाणीवर उद्घोषणा सुरू झाली की मामा पायडलवरचा पाय उचलायचे. गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं ऐकली की मशीन पुन्हा चालू. सातवीपर्यंत शिकलेले मामा वसंत प्रभूंची चाल आणि श्रीनिवास खळ्यांची चाल यांतला फरक मला गुणगुणून दाखवायचे. ही समज त्यांना त्या नावांनी दिली होती. म्हणून माझ्या केंद्रावर तिन्ही नावं घेतल्याशिवाय एकही गाणं लागणार नाही, आणि सुरू झालेलं गाणं मध्येच तोडून कुणी बोलणार नाही.

आता हिशेब. तासातली १२ मिनिटं जाहिराती आणि बोलण्याला दिली तर ४८ उरतात. चार मिनिटांचं एक धरलं तर १२ गाणी, १८ तासांत २१६. आठवडाभर एकही गाणं पुन्हा नको म्हटलं तर १,५१२ लागतील. मराठीत ती सहज निघतील, फक्त कपाटं सगळी उघडायला हवीत. माणिक वर्मांची भावगीतं, सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, वामनदादा कर्डकांची भीमगीतं, विठ्ठल उमपांचा पहाडी आवाज, हे सगळं एकाच दिवसात, एकाच केंद्रावर ऐकू आलं पाहिजे. वस्तीवस्तीचा रेडिओ वेगळा, हे मला मान्य नाही.

सकाळी अभंग लागतील, हे सांगायला नको. दुपारी दोन ते चार मात्र मी जपून ठेवलेत. गिऱ्हाईक नसतं, लांब शिवणी तेव्हाच होतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, त्यामुळे जुनी नाट्यपदं आवरती घेतलेली असतात. या वेळात मैफलीतली ध्वनिमुद्रणं लावीन, दहा-पंधरा मिनिटं फुलत जाणारी.

दर तासाला एक ओवी, नुसत्या बाईच्या आवाजात, वाद्याशिवाय. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या. हात जात्यावर असताना सुचलेलं हे गाणं, हात कामात असलेल्यांसाठीच्या केंद्रावर नको का?

आणि आठवड्यातून एक नवं गाणं, ठरल्या वारी, ठरल्या वेळी. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे केंद्रानं गदिमा-बाबूजींचं गीतरामायण असंच आठवड्याला एक गीत देत वर्षभर ऐकवलं. एकूण ५६ गीतं झाली. लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहायचे. आज लिहिणारी, चाली लावणारी मुलं मला भेटतात, त्यांच्याही गाण्याची तशी वाट पाहिली जावी असं मला फार वाटतं.

मामा आता नाहीत. त्यांची मशीन माझ्याकडे आहे, तेल-पाणी करून चालू ठेवलेली. केंद्र निघालं तर ती स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत ठेवीन. नवीन उद्घोषक आला की त्याचा आवाज साध्या रेडिओवर लावायचा आणि शेजारी मशीन चालवायची. पाय न उचलता तिन्ही नावं नीट कळली, की मग त्याला माइकसमोर बसवायचं.