गगनबावड्यात करंट गेला

नारळी पौर्णिमेला मालवणला जायचं ठरलं आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, परस्पर जाहीर करून टाकलं की गाडी त्यांचीच न्यायची. त्यांची म्हणजे जुनी, कार्बोरेटरवाली मारुती 800; कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. आमच्या नव्या गाडीवर त्यांचा राग आहे. बिघडली की नुसता एक दिवा लावते आणि पुढे तोंड उघडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कोल्हापूर सोडून बालिंगा, कळे, साळवण करत गेलं की साधारण 55 किलोमीटरवर गगनबावडा. आधी ऊस, मग भातखाचरं, आणि वर पोचेपर्यंत नुसतं धुकं. मांडुकलीजवळ कुंभी नदीचं पाणी चढलं की हा रस्ता बंदच होतो. आम्ही निघालो तेव्हा पाणी ओसरलं होतं, टायर भिजतील एवढंच उरलेलं. पण समोरून एक ट्रक सुसाट आला आणि ते उरलेलं सगळं आमच्या बॉनेटवर घालून गेला. तरी गाडी चालत राहिली. गगनबावड्यात चहा-भज्यांसाठी थांबलो. इथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात, दोन्ही वैभववाडी तालुक्यात उतरतात. राज्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांपैकी हे एक. भजी खाताखाताच मऊ पडत होती.

परत येऊन चावी फिरवली. सेल्फ खणखणीत, पण इंजिन काही धरेना.

अशा वेळी माणसं कुठून जमतात कळत नाही. "पाव्हणं, बॅटरी उतरलीया, धक्का मारूया की!" एका टेम्पोवाल्यानं बाह्या सरसावल्याही. दुसऱ्यानं तर तिसऱ्या गिअरवर टाकून करूळ घाटात सोडून द्यायचा सल्ला दिला. धुक्यात, ओल्या रस्त्यावर, बंद इंजिनाची गाडी! धक्का सेल्फ फिरत नसेल तेव्हा कामाचा. सेल्फ जोरात फिरतोय याचा अर्थ बॅटरीकडे बोट दाखवायचं कारण नाही; धक्का मारून तरी इंजिन फिरणारच, आणि फिरतं तर ते आत्ताही आहे. तेव्हा राहतात दोनच प्रश्न. पेट्रोल पोचतंय का, आणि करंट येतोय का.

पेट्रोलचं उत्तर लगेच मिळालं. या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या, अंगाला एक छोटी वाटोळी काच असते. टॉर्च मारला तर पेट्रोलची रेघ बरोबर मध्यावर. मागे सायलेन्सरपाशी कच्च्या पेट्रोलचा भपका. म्हणजे एसी पंप, टाकीतून पेट्रोल ओढणारा, काम करत होता, पेट्रोल आत जात होतं आणि न जळता बाहेर पडत होतं.

"अप्पा, आता सेल्फ मारू नका, ओव्हर होईल," मी म्हटलं. ओव्हर म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजणं. त्यांनी हात चावीवरून काढला, पण चेहऱ्यावर नाराजी. ओव्हर झालंच तर चोक न ओढता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. पाय वरखाली केला तर आणखी पेट्रोल पडतं.

डिकीत अप्पांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. प्लग पाना, फ्यूज, पॉलिश पेपर, एक जुना प्लग. बॉनेट उघडं ठेवून पेट्रोलचा वास जाऊ दिला. मग एका प्लगची वायर काढून तिला तो जुना प्लग लावला आणि त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला घट्ट टेकेल असा अडकवून ठेवला. हातात धरायचा नाही, हजारो व्होल्टचा मामला असतो. अप्पांनी सेल्फ मारला. काही नाही. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉईलकडून येणारी जाड वायर डेल्कोतून, म्हणजे एकेका प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधून, उपसून तिलाच प्लग लावला, तर निळी ठिणगी टकटक उडायला लागली. कॉईलपर्यंत करंट होता, पुढे डेल्कोत मरत होता.

डेल्कोचं झाकण काढून उजेडाकडे धरलं. आत दवासारखे बारीक थेंब, आणि दोन खुंट्यांच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ. करंटनं प्लगकडे जायचं सोडून या रेघेवरून चोरवाट काढली होती. झाकण, आत फिरणारा रोटर, वायरींची टोकं कोरड्या फडक्यानं पुसली. ती रेघ ब्लेडनं खरवडून काढली आणि बायकोकडे हात पुढे केला.

"काय हवंय?"

"नेलपॉलिश."

"महागातलं आहे ते," ती म्हणाली, पण दिलं. खरवडलेल्या जागी नेलपॉलिशचा हात मारला की करंटला परत तिथून जाता येत नाही. तात्पुरता उपाय आहे, पण चालतो. पुरतं वाळेपर्यंत मात्र थांबायचं. त्याची वाफ पेट घेते. त्या हवेत ते वाळायला एवढा वेळ लागला की टेम्पोवाला चहा पिऊन आला, अप्पांचं गाव, भावकी, सगळं विचारून झालं.

झाकण बसवलं, वायरी आपापल्या जागी लावल्या. एकदा फटकन आवाज झाला आणि मग तिन्ही सिलिंडर धरले. "झाली की वो चालू!" टेम्पोवाल्याला आमच्यापेक्षा जास्त आनंद. घाट आम्ही दुसऱ्या गिअरवर उतरलो. खाली धुकं फाटलं, वैभववाडी, तळेरे मागे पडलं.

कणकवलीत स्पेअर पार्टच्या दुकानातून डेल्कोचं नवं झाकण आणि रोटर घेतला. प्लगच्या वायरीही म्हाताऱ्या झाल्यात, त्याही बदला, असं दुकानदार सांगत होता. अप्पा म्हणाले, त्यांना काय धाड भरलीय? आणि जाऊन गाडीत बसले.